मांडवाखालचा धूमकेतू

१२ मार्च १९९७

दिसला! दिवेलागणीनंतर, वायव्येला, मळ्याच्या कडेच्या बाभळीवर. शेपूट अगदी फिकट — ओल्या बोटानं पाटीवरचा खडू पुसावा तशी. घरातली पहिली बी.एस्सी. मी, पण वांग्यांच्या वाफ्यात उभी राहून रडले. देवा, एवढं मोठं केलंस आणि कुठे सही नाही केलीस!

आई म्हणाली, "वांगे तुडवू नको."

१६ मार्च, रविवार

कल्पना सुचली. ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी, संध्याकाळी देवळासमोरच्या मैदानात उपासना. दिवा नाही, भाषण नाही. सगळ्यांनी वर पाहायचं आणि गायचं. बस.

खरं कारण फक्त इथे लिहिते — बाबा. रविवारी सकाळी ते बाजारात भाजी विकतात म्हणून गेल्या वर्षी पंचकमिटीनं मंडळीच्या सभासद-यादीतून त्यांचं नाव कमी केलं. चिटणीस वासुदेवरावांनी भर उपासनेत वाचून दाखवलं! बाबा एवढंच म्हणाले, "वांगे सोमवारपर्यंत थांबतात काय जी?" तेव्हापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नाही.

पण संध्याकाळी तर मोकळे असतात. आज विचारलं. खूप वेळ दोरी वळत बसले. मग — "येईन. पण मांगं बसीन."

१९ मार्च

कमिटीपुढे गेले. वासुदेवराव म्हणाले, "पवित्र शास्त्रात तारा आहे. धूमकेतूचा ठराव कसा करता?" अर्धा तास यावरच. शेवटी 'ताऱ्यासारखे काहीतरी' असं लिहायचं ठरलं.

पुढचा आक्षेप अंधाराचा. "पोट्टे-पोट्ट्या अंधारात बसतीन काय? उद्या काही झालं तं?" मी म्हटलं, देवासमोरच बसणार ना! मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, खोकले.

तरी मंजूर! एकमतानं! हॅलोजनचे दिवे लावायचे का ते मग बघू म्हणाले. माणसं वाईट नाहीत, उगाच मी घाबरत होते.

२४ मार्च

पत्रिका छापून आली. 'भव्य तारका-दर्शन उपासना'. सहा पाहुणे. पाच मिनिटं बोलायला माझंही नाव, अगदी खाली. बी.एस्सी. लिहिलेलं नाही. मला काही वाटलं नाही. (वाटलं.)

२८ मार्च, उत्तम शुक्रवार

उपास. बाबांनी पांढरा सदरा धुवायला काढला!  आईनं त्याला नीळ दोनदा घातली.

३० मार्च, पुनरुत्थानाचा दिवस

मांडव!

मैदानभर मांडव घातलाय! वर कापड, कापडाला चमकीच्या कागदाच्या चांदण्या. मी धावत गेले. "वासुदेवकाका, आकाश कसं दिसणार?"

"मग पाहुणे उघड्यावर बसवायचे? आपण काय मेंढपाळ आहो?"

ख्रिस्तजन्माची बातमी उघड्यावरच्या मेंढपाळांनाच आधी कळली होती, हे मी मनात म्हटलं. मनातच.

दोन हॅलोजन. हार, नारळाऐवजी बायबल, स्वागतगीत. एका पाहुण्यांनी वर चमकीकडे हात करून "केवढी ही निर्मात्याची कला!" म्हटलं. टाळ्या. दुसऱ्यांनी देवळाच्या कंपाऊंडबद्दल सांगितलं. माझी पाच मिनिटं वेळेअभावी रद्द. आभार संपेपर्यंत धूमकेतू मावळला.

हे सगळं चाललं असतं. पण बाबा आले होते. सदरा घालून, टोपी सरळ करत, शेवटच्या खुर्चीजवळ. वासुदेवराव अगदी मायेनं, पण खणखणीत आवाजात म्हणाले, "बंडूजी, ह्या खुर्च्या सभासदांच्या. तुमच्यासाठी बाहेर सतरंजी टाकली आहे."

"बरं जी," बाबा म्हणाले. बाहेर गेले.

मी पहिल्या रांगेत होते. मला ऐकू आलं. मी पाहुण्यांचे हार धरून बसले होते. मी हार धरूनच बसले.

संपल्यावर पळत गेले. सतरंजी रिकामी.

३१ मार्च

बाबा जेवले. पांढरा सदरा घडी करून पेटीत ठेवला. मी पाहिलं आणि भांडी घासायला घेतली.

२ एप्रिल

कमिटीनं अभिनंदनाला बोलावलं. वासुदेवराव खूष — "असा कार्यक्रम दरवर्षी झाला पाह्यजे!"

मी म्हटलं, काका, हा आता दोन हजारांवर वर्षांनी येणार.

वासुदेवरावांनी आकडा वहीत टिपला. मग — "हरकत नाही. चमकी जपून ठेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांचा विषय मी काढला. "तो विषय आजच्या सभेपुढे नाही," म्हणाले. सभेत तेवढाच एक विषय मला हवा होता.

६ एप्रिल, रविवार

आज उपासनेला गेले नाही. म्हणजे गेले, दारापर्यंत. पाळकसाहेबांशी दोन मिनिटं बोलले आणि तिथूनच बाजारात. बाबांनी पाहिलं, पोत्यावर जागा केली. दिवसभर भेंड्या मोजून दिल्या.

परतताना मळ्याच्या बांधावर त्यांनी सायकल थांबवली. टोपी काढली. समोर तो — मागच्या रविवारी असेल तसाच, कुणी पाहो न पाहो. बाबा वर बघून म्हणाले, "देवा, मले काई मांगाचं नाई. पाहून राह्यलो फक्त." मग माझ्याकडे वळून, हळूच, "आमेन तू म्हण, नयन. माह्यं नाव काटलं ना त्यायनं."

"माझंही नाही आता," मी म्हटलं. "सकाळी पाळकसाहेबांना सांगून आले."

बाबा बघतच राहिले. "येडी पोरगी!" म्हणाले. आणि मग अख्ख्या नालवाडी गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं — आमेन!