ब्रीदरवरची जाळी

५ फेब्रुवारी
जमलं! आमच्या डेपोतल्या एका बसच्या मागच्या बाकावरच्या बायका रोज तक्रार करायच्या — तेलकट धुरानं डोकं उठतं, कपडे काळे होतात. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं ही. ब्लोअर हवा दाबून भरतो, त्यातली थोडी इंजिनाच्या पोटात उतरते आणि तेलाची वाफ घेऊन ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. त्या नळीच्या तोंडावर मी बारीक जाळीचे चार पदर बसवले. धूर निम्मा!

आई शेजारणीला सांगत होती, "घरातली पहिली पदवीधर, बसचा धूर बंद केला हिनं!" निम्माच गं, आई.

१९ फेब्रुवारी
त्याच बसच्या इंजिनाचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गळतंय. तात्यांनी नवं बसवलं. वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर. मला म्हणाले, "इंजिनिअरीणबाई, लांब उभ्या राहा, इस्त्री मोडेल."

२७ फेब्रुवारी
पुन्हा गळती. पुन्हा सील.

४ मार्च
तिसऱ्यांदा! तात्यांनी तिसरं सील बसवलं, तेही गळलं. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "तात्या, हात गेला तुमचा. उद्यापासून गाड्या धुवा." तात्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला. जाताना मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज देऊन गेले.

मी सील निरखून पाहिलं. कुठे तसूभर वाकडं नाही. मग तेल का येतं?

५ मार्च
तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, जाते त्या भोकाला पाणी भरलेली पारदर्शक नळी जोडली, इंजिन चालू केलं. पाणी वर, आणखी वर — आणि थेट माझ्या तोंडावर! पोटात एवढा दाब?

जाळी काढली. काजळी आणि तेलानं गच्च बुजलेली. पुन्हा पाहिलं — पाणी जेमतेम हललं.

इंजिनाचं नाक मीच दाबून धरलं होतं. कोंडलेल्या हवेनं तेल सीलमधून बाहेर ढकललं, आणि बोल लागला तात्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर मी.

नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरलेत. जाळी पिशवीत आहे. कोणाला माहीत नाही.

६ मार्च
नाही सांगितलं. भित्री!

७ मार्च
सांगितलं. सगळ्यांदेखत — बोलही सगळ्यांदेखतच लागला होता ना! जाळी मॅनेजरांपुढे ठेवली.

"कोणाला विचारून लावलीत?"

"कोणालाच नाही."

नोकरी पक्की होणं सहा महिने पुढे गेलं. मान्य. मॅनेजरांनी तात्यांची माफी मागितली, तोंडातल्या तोंडात. तात्यांनी मला एवढंच विचारलं, "म्हणजे सील नीट बसलं होतं?"

"तिन्ही वेळा."

केवढे हसले!

घरी आईनं ऐकलं, ताट वाढलं. मग म्हणाली, "आधी जेवून घे."

९ मार्च
तात्यांनी अर्ज मागे घेतलाच नाही! थांबा ना, म्हणून मी हात जोडले. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती, थांबेचनात.

"तिसरं सील बसवायला अख्खी सकाळ गेली, पोरी. मॅनेजर अगदीच खोटं बोलला नव्हता."