ड्रेस्डेनच्या साहेबाची कमान

अब्बा, गेल्या महिन्यात मी ड्रेस्डेनला जाऊन आलो. आपल्या जर्मन इंजिनिअरचं गाव. तुम्ही त्याला तोंडावर साहेब म्हणायचात आणि माझ्याजवळ दगडवेडा. त्याच्या फोटोत जे चर्च नुसता ढिगारा होतं, ते आता घुमटासकट उभं आहे. जुने काळे दगड नव्या पिवळट दगडांत जागोजाग बसवलेत. लोक फोटो काढत होते. मला मात्र दुबईच्या खाडीकाठचं ते व्यापाऱ्याचं घर आठवलं. साठ वर्षं होत आली, तरी.

रस्ता रुंद करायचा म्हणून त्या घराची पोवळ्याच्या दगडाची कमान उतरवून मागे पुन्हा बांधायची होती. पाडून टाका म्हणणारेच जास्त. साहेब अडून बसला. बाँबफेकीत त्याचं शहर जळालं, आई गेली. युद्धानंतर लोकांनी ढिगाऱ्यातून दगड निवडून चित्रांचा महाल परत उभा केला, हे तो इंग्रजीत सांगायचा आणि मी तुम्हाला मराठीत सांगायचो. शहर पूर्व जर्मनीत गेलेलं, सरहद्द बंद, त्यामुळे त्याला स्वतःला ते बघायला जाता येत नव्हतं. "आणि गेलेली माणसं कुठून निवडणार?" असं तुम्ही विचारलंत. ते मी त्याला सांगितलंच नाही.

चोवीस वर्षांचा होतो मी. कुठला दगड कुठे बसायचा ते कळावं म्हणून उतरवलेल्या प्रत्येक दगडावर कोळशाने आकडा घातला आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवला. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आकडे घालून कोणी गवंडी होत नाही. दगड भिजव आधी." रत्नागिरीला चिरा भिजवल्याशिवाय लावत नाहीत, तीच तुमची सवय. मी बादली उचलली. पहिल्या दगडावरचा आकडा ओघळला, तो मी पाहिला. थांबता आलं असतं. घ्या तुमचा भिजवलेला दगड, असं मनात म्हणत मी शेवटच्या दगडापर्यंत पाणी ओतलं.

सकाळी ते पाहून साहेब पांढराफटक पडला आणि मोडक्या हिंदीत ओरडला, "किसने किया?" मी त्याचा दुभाष्या, आणि मी पायाने बादली मागे सरकवली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

"मैंने किया, साहेब. हमारे मुलुख में पत्थर भिगोते हैं."

"नहीं बैठा तो खलास. तुम घर जाओ."

"बैठेगा, इन्शाल्ला."

मग चार दिवस तुम्ही छिन्नीच्या खुणा बोटांनी चाचपत एकेक दगड लावून पाहत होतात. मला एकालाही हात लावू दिला नाहीत. मला राग आला होता त्याचाही.

लाकडी आधार काढताना कमान बांधणाऱ्याने तिच्याखाली उभं राहायचं, हा तुमचा रिवाज. साहेब नको नको म्हणत होता. मी पुढे झालो, तर "तू लांब हो," एवढंच म्हणालात. "यल्ला, काढा." लाकडं निघाली. वरून भुकटी पडली, मधला एक दगड करकरला. तुम्ही मान वर केली नाहीत. कमान राहिली. साहेब तुमचा हात धरून रडला.

त्या आठवड्यात मी अम्माला लिहिलं, अब्बा खाली उभे होते तेव्हा मी सारखी दुआ मागत होतो. सुट्टीत घरी गेलात तेव्हा तिने ते तुम्हाला वाचून दाखवलं, आणि तुम्ही ते पुन्हा वाचायला लावलंत, असं ती सांगायची. आता अम्माही नाही, हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार? म्हणूनच लिहायला धजलो. दुआ मी मागितली होती, अब्बा. पण कमान टिकावी म्हणून नाही. आकडे कोणी पुसले, हे पुन्हा कोणी विचारू नये, एवढंच मागत होतो.