अडतीस वह्या आणि शुक्रवारचा रिपोर्ट

सोमवार, ३
इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आणि नववीचं इंग्रजी माझ्या गळ्यात! मी गणिताचा माणूस. त्यात गुरुवारी तपासणीचे साहेब वर्गात येऊन बसणार. धडा — 'हू', 'विच' लावून दोन वाक्यं जोडणं, वर 'इन-ऑन-ॲट'चा घोळ. बायकोचं इंग्रजी पक्कं. ही संध्याकाळी मला शिकवते, सकाळी मी ते फळ्यावर ओततो. वह्याही हीच तपासते.

खरी धास्ती वेगळीच. हिच्या काखेतल्या गाठीचा रिपोर्ट शुक्रवारी. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं — "लक्षण बरं दिसत नाही. इतक्यात त्यांना बोलू नका." हिला म्हणालो, साधी गाठ आहे. धडधडीत खोटं!

मंगळवार, ४
माणसाला 'हू', वस्तूला 'विच'. एका मुलीने विचारलं, "सर, कुत्र्याला काय?" मला काय ठाऊक! घरी येऊन विचारलं तर ही हसून हसून बेजार. "घरातला असेल तर हू!" म्हणाली. हसता हसता डोळे पुसले. एवढं हसण्यासारखं काय होतं?

बुधवार, ५
घात झाला. उदाहरणं सुचेनात, मनात होतं ते फळ्यावर लिहून बसलो — 'द डॉक्टर हू सॉ माय वाइफ स्पोक ओन्ली टू मी.' म्हणजे, बायकोला तपासणारे डॉक्टर फक्त माझ्याशीच बोलले! भानावर आलो तोवर अडतीस वह्यांत उतरलेलं, आणि वह्या शिपाईमामांच्या सायकलवरून थेट माझ्या घरी!

धावतपळत पोचलो. ही लाल पेन घेऊन बसलेली, निम्म्या तपासून झालेल्या. वर पाहिलं. "चहा टाकू?" एवढंच.

गुरुवार, ६
वह्या वाटताना पाहिलं. त्या वाक्यापुढे प्रत्येक वहीत बरोबरची खूण. अडतीस वेळा वाचलंय तिने!

साहेब आले, एक जांभई दिली, "छान" म्हणून गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाऊन आज सगळं सांगायचंच, असं ठरवलं होतं. जेवणं झाली, भांडी झाली, तरी तोंड उघडलं नाही. भित्री भागूबाई मी!

शुक्रवार, ७
रजा टाकून रिपोर्ट आणायला निघालो. ही चपला घालून दारात उभी, हातात कपड्यांची पिशवी.

"कुठे निघालात? रिपोर्ट लवकर तयार झाला, मंगळवारीच आणलाय मी. तुमची तपासणी नीट होऊ दे म्हटलं, मग सांगू. चला — दहा वाजता दवाखान्यात भरती व्हायचंय."