खांद्याच्या वर न जाणारा हात

चिमणीच्या आईस सप्रेम नमस्कार.

भालाफेकीच्या निवड चाचणीच्या गावी आम्ही नीट पोचलो. खोली हवेशीर आहे. आईच्या गुडघ्याला शेक देतेस ना? फोनवर बोललो तर लेकीला ऐकू जाईल, म्हणून लिहितोय.

घरी तिची वेणी तू घालतेस, म्हणून आपल्या लक्षात आलं नाही. इथे वेणी घालताना तिला उजवा हात डोक्यापर्यंत नेता येईना. “झोपेत अवघडलाय,” म्हणाली. मी तडक इथल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

दोन्ही खांद्यांचे एक्स-रे शेजारी लावून मी स्वतः पाहिले. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीचा कोवळा थर असतो. भाला फेकून फेकून उजवीकडचा रुंदावलाय. बाई म्हणाल्या, तीन महिने भाला बंद, नाहीतर हाड वाकडं वाढेल. मी पुस्तकं वाचून आखलेलं सरावाचं वेळापत्रक पुढे केलं, तर बाईंनी एवढंच विचारलं, “यात सुट्टीचा दिवस कुठे आहे?”

हाडाची वाढ कायमची बिघडलीय का, ते तीन महिन्यांनी कळेल म्हणतात.

चिमणी म्हणाली, “बाबा, रविवारची चाचणी तेवढी होऊ द्या, मग वर्षभर बसते.” मी तिचं नाव मागे घेतलं. तेव्हापासून अबोला आहे. तू फोन केलास तर खांद्याचं काढू नकोस, नुसतं जेवलीस का विचार.

वेणी मी शिकलोय. तिन्ही पेड सारखे, भांग सरळ. ती बोलत नाही, पण सकाळी कंगवा माझ्यापुढे ठेवून पाठमोरी बसते.

तुझा,
चिमणीचे बाबा