बीव्हरच्या बांधावरचं फरचं रोप

सोमवार, ९ फेब्रुवारी

लाडक्या हेल्मीस,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. चार दिवस ते टेबलावर कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलंय आणि येता-जाता त्याच्याकडे बघतोय. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा सोडून दे. तो आता माझा राहिलाच नाही, हवामान खात्याचा झालाय. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी बरोबर वर्दी देतो.

इकडे थंडी हाडं फोडणारी आहे. तुझ्या घराच्या छपरावरचं बर्फ मी दोनदा उतरवलं. पाण्याचे नळ ठीक आहेत. सौनाची भट्टी शनिवारी वाफ घ्यायला पेटवतो ती तुझ्याकडचीच, माझी धूर ओकते म्हणून. तुझ्या परवानगीशिवाय तुझी बर्चची लाकडं जाळतोय, हे एक कबूल करून टाकतो. लहान कबुलीनं सुरुवात केलेली बरी.

आणि बातमी म्हणजे, यंदा मला बॉबकॅटच्या शिकारीचा परवाना लागला! नऊ वर्षं दर हिवाळ्याआधी अर्ज टाकत होतो, सोडतीत नाव येईना. शेजारचा रायनो म्हणायचा, "आर्मास, तुझं नाव आता थडग्यावरच लागेल." लागलं एकदाचं. आणि ते रानमांजर मिळालंही, गेल्या मंगळवारी. चांगलं मोठं, नर.

ते अंगणात आणलं तेव्हा रायनो कुंपणाला टेकून उभा होता. म्हणाला, "नऊ वर्षं थांबलास आणि आणलंस काय, तर शेपूट तुटकं मांजर!"

मी म्हटलं, "तुझ्या बायकोनं तुझ्यासाठी अकरा वर्षं वाट बघितली. तिला काय मिळालं?"

त्याची बायको पलीकडे त्यांच्या खिडकीत हसली. तुझी आठवण काढतात दोघं. हेल्मी परत येतेय म्हणे, असं ती विचारत होती. मी म्हटलं, अजून नक्की नाही, माझ्या पत्रावर आहे.

आणि हेच ते पत्र. बघ, दोन पानं झाली तरी मी अजून तिथं पोचलो नाही.

तू लिहितेस, तुझ्या मारिटनं तुला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलंय, कानानं मोठं आणि अकलेनं लहान. मुलीचं घर उबदार आहे, पण डुलुथ शहरात तिसऱ्या मजल्यावर तुझा जीव रमत नाही. एप्रिलमध्ये परत यायचंय. पण आधी मी खरं सांगायचं, की बीव्हरच्या बांधाकडे अजून लांडगे फिरतात का. फिरत असतील तर पुल्लानंतर दुसरं कुत्रं त्यांच्या तोंडी द्यायची तुझी छाती नाही. मग ते सुपीरियर गावचं जोडपं तुझं घर विकत मागतंय, त्यांना ते देऊन टाकशील. "दादा, तू सांगशील ते मी धरून चालेन," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद तिथं मऊ पडलाय.

थांब, चूल बघून येतो.

मंगळवार, सकाळ

चूल बघायला गेलो तो आज उगवलो. तू मला ओळखतेस.

आधी मांजराचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. फास बीव्हरांनी ओढ्यावर घातलेल्या त्या फांद्या-चिखलाच्या बांधावरच लावला होता. मांजराला पाय ओले झालेले खपत नाहीत; ओढा ओलांडायचा तर ते बांधावरूनच जाणार, त्याचे आजेपणजेही तिथूनच गेले. आपण फक्त तो रस्ता ओळखायचा. तारेचा फास, जमिनीपासून वीतभर वर, दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला. तार गळ्याभोवती आवळते, पण एका गाठीपाशी थांबते. ओढणं थांबलं की सैल होते. गळफास नाही तो, गळपट्टा आहे.

मी गेलो तेव्हा ते बसलं होतं. बर्फात फिरून फिरून त्यानं ताटासारखं गोल आळं केलं होतं आणि मधोमध कान मागे टाकून बसलं होतं. पोस्टात पुढे घुसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होतं. एका गोळीत काम झालं. खोटं कशाला सांगू, त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते आळं बघून मी बांधावर बसून राहिलो, गुडघा ओरडेपर्यंत.

हेल्मी, पुल्लासुद्धा असाच बसला असता.

आता लिहूनच टाकतो. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतच, त्याच बांधावर माझा फास होता, कोयोटीसाठी. तुझ्या जमिनीवर, तुला विचारून. तू तेव्हा माझ्यासमोर गोड पाव कापत होतीस, ज्याच्या रंगावरून कुत्र्याचं नावही पुल्ला ठेवलं होतंस तोच. तू विचारलंस, "आणि आमचा पुल्ला अडकला तर?" मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. "वाईटात वाईट काय, साखळीला बांधल्यासारखा बसेल, आणि सकाळी मी सोडवून आणीन. तुझ्या पावावर माझा हक्क लागेल तेवढा." तू हसलीस आणि मला मोठा तुकडा दिलास.

ते खरंच आहे, एका अटीवर. तारेच्या टप्प्यात बोटाहून जाड काहीही उभं ठेवायचं नाही. झुडूप नाही, फांदी नाही, खांब नाही. कारण जनावर गोल फिरतं, आणि मध्ये काही उभं असलं की तार त्याला गुंडाळत जाते, आखूड होत जाते, मग ती सैल होत नाही. चर्चच्या हॉलमध्ये नवशिक्यांना हे दर ऑक्टोबरात मीच शिकवतो. फळ्यावर वर्तुळ काढतो आणि म्हणतो, ह्याच्या आत फक्त बर्फ.

त्या बांधावर फरच्या झाडाचं एक रोप होतं. अंगठ्याएवढं जाड, कमरेएवढं उंच. ते वर्तुळाच्या आत होतं, मी बघितलं होतं. कुऱ्हाड हातात होती. पण त्या रोपानं आणि पलीकडच्या ओंडक्यानं मिळून रस्ता असा छान अरुंद केला होता की जनावर दुसरीकडून जाणारच नाही. तोडलं असतं तर पांढरा बुंधा दिसला असता, ताज्या चिकाचा वास सुटला असता. आणि मला माझ्या कामाचा गर्व होता, हेल्मी. माझा फास बघून कुणाला वाटू नये की इथं माणूस येऊन गेला. म्हटलं, एवढंसं रोप, ते काय करणार. चाळीस वर्षांच्या सवयीनं माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मला वाटतं, निर्ढावतोच जास्त.

सकाळी आठाला गेलो. आळं गोल नव्हतं. रोपाभोवती तार पाच वेढे बसली होती, आणि रोप मोडलंही नव्हतं. फरचं ताजं खोड मोडत नाही, वाकतं. पुल्लाचं अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. यापुढचं लिहीत नाही.

जमीन दगडासारखी होती, पहार घुसेना. उन्मळलेल्या हेमलॉकच्या मुळांखाली खळगा होता, तिथं त्याला ठेवला आणि वर दगड रचले. मे महिन्यात नीट पुरला, ओढ्याकाठच्या बेरीच्या झुडपाखाली, जिथली फळं तू मुरंब्यासाठी तोडायचीस. आणि त्याच दिवशी ते रोप तोडलं. तीन महिने उशिरा. एवढा शहाणा मी!

फेब्रुवारीतल्या त्याच दुपारी तू आलीस, लाल टोपी घालून. "दादा, पुल्ला तुझ्याकडे आलाय का?" मी तुला तुझ्या शेतावरून गेलेला लांडग्याचा माग दाखवला. माग खराच होता, पण जुना, कडा विरघळलेल्या. जाता जाता एखादा गेला असेल. तुला मागातलं कळत नाही, मला कळतं. मी बोट दाखवलं एवढंच. तोंडानं "लांडगा" म्हणालीस ती तूच. मी नाही म्हटलं नाही. तीन वर्षं मी ह्याच फटीत लपून बसलोय, की मी तर म्हणालोच नव्हतो.

तू तीन आठवडे रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर उभी राहून त्याच्या वाडग्यावर चमचा वाजवायचीस. हवा शांत असली की तो आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी रेडिओ मोठा करायचो. मग तू डुलुथला गेलीस. लोक म्हणाले, म्हातारपणी एकटं राहवत नाही. मीही मान डोलावली.

शनिवारी सौनात रायनो म्हणत होता, "चाळीस वर्षांत ह्या बाजूला मी लांडग्याचा माग दोनदा पाहिला. हेल्मीचं कुत्रं त्यातल्याच एकाला बरं सापडलं!" मी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत कुणाचं तोंड दिसत नाही.

तुला नुसतं "लांडगे गेले, ये" असं लिहिता आलं असतं. तू आली असतीस, आणि दर शनिवारी माझ्याबरोबर कॉफी प्यायली असतीस. दोन दिवस मी तेच लिहायच्या बेतात होतो. पण तू विचारलंस ते लांडग्यांबद्दल नाही, माझ्या शब्दाबद्दल. आणि त्या पिल्लानं बांधावर नाक लावलं की दर वेळी मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तुझ्या जमिनीवर आता माझं काहीही लावलेलं नाही, पुढेही लावणार नाही. परवा खुंटा उपटून आणला. पिल्लाला मोकळं सोड.

घराची किल्ली रायनोच्या बायकोकडे ठेवली आहे, म्हणजे ती घ्यायला तुला माझ्या दाराशी यावं लागणार नाही. छपराचं बर्फ मी उतरवत राहीन. त्यासाठी बोलायची गरज नसते. सौनाची लाकडं मात्र आता माझीच जाळतो.

पाकीट जड लागेल. पुल्लाचा पट्टा आत आहे, माझ्या सौनाच्या आढ्यात ठेवला होता. पुसला नाही, धुतला नाही. पितळी बिल्ल्यावर तार घासल्याचा ओरखडा आहे. तो बघ, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

तुझ्या बांधावर लांडगा आला नव्हता. मी आलो होतो.

आर्मास