दोन-दहा बरोबर त्रेपन्न मिलिमीटर

६ जानेवारी

डिजिटल कॅलिपर आला, मिलिमीटरपर्यंत माप घेणारा. ऑनलाइन किंमत ८४९. खरा पडला तो असा: कुरिअर अमडापूरला येत नाही म्हणून चिखलीचं एसटी भाडं, जाऊन-येऊन. सेल वेगळा. बायकोचा, सिंधूचा हात मोजायला गेलो तर तिच्या हातातल्या चार बांगड्या पिचल्या, त्या वेगळ्या. वर "सकाळपासून हेच धंदे हायेत काय तुमाले?" हे फुकट.

आणि ज्या शब्दापायी हा खर्च केला, त्याची किंमत तर अजून लावलीच नाही.

शब्द असा: "बांगडीवाले." परवा आमच्या करिष्माच्या साखरपुड्यात व्याहीणबाई आपल्या बहिणीला सांगत होत्या. मी सहा पानं लांब जिलेबी वाढत होतो. पण माझे कान! बांगडीवर नख मारलं की सलग आहे की चिरलेली, हे डोळे मिटून सांगतो. पुढचं वाक्य "अजून घ्या, अजून घ्या"मध्ये बुडालं. ऐकण्यासारखं नसणारच.

व्याही उकंडराव सर, बुलढाण्याचे, निवृत्त मुख्याध्यापक, विषय विज्ञान. जेवताना म्हणाले, देशात मेट्रिक येऊन साठ वर्षं झाली, तरी लोक फूट-इंच सोडत नाहीत. मी म्हटलं, माझंही तेच म्हणणं आहे. (तोवर काहीच म्हणणं नव्हतं.) सर म्हणाले, मग करा ना तुमच्या धंद्यात सुरुवात.

करतो. लग्न २० फेब्रुवारीला. तोवर अमडापूर मेट्रिक. मग बघू कोण "बांगडीवाले" म्हणतं.

७ जानेवारी

मी कोण आहे याची एकदा नोंद असावी. सातवी नापास. सायकलला पेटी बांधून बाजार-बाजार फिरलो. आज कारभारी बँगल्स अँड कटलरी, पक्कं दुकान, काचेचं काऊंटर. तीस वर्षांत या गावातली एकही नवरी दुसऱ्या दुकानचा चुडा घालून मांडवात बसलेली नाही. समोर ऋत्विकने गेल्या वर्षी दुकान टाकलं, एसी लावला, तरी नाही.

करिष्माचा चुडा तर सगळ्या जिल्ह्यात गाजेल. मिलिमीटरमध्ये.

९ जानेवारी

सरांनी फोनवर सूत्र दिलं. इंच गुणिले २५.४. बस. इतकं सोपं आणि साठ वर्षं वाया.

दुकानात पाटी लावली: "येथे इंच बोलू नये." खाली लहान अक्षरात: "मिलिमीटर बोलणाऱ्यास पिनांचे पाकीट मोफत."

पहिलं गिऱ्हाईक: "भाऊ, पिना द्या फुकटच्या." म्हटलं, आधी मिलिमीटर बोला. म्हणाली, "मिलिमीटर." दिल्या.

११ जानेवारी

घरातही अंमल सुरू. चिमूटभर मीठ म्हणजे किती ग्रॅम? सिंधूला चिमूट काट्यावर ठेवायला सांगितलं. काट्याने शून्य दाखवलं. सिंधू म्हणाली, "मंग आज शून्य मीठ." भाजी अळणी. तत्त्वासाठी खाल्ली.

सासूबाईंच्या नऊवारीला ८.२३ मीटर साडी म्हणायचं ठरवलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१२ जानेवारी

फार वाईट शोध लागला. जावई शिवमची उंची बायोडाटात पाच-अकरा. गणित केलं. ५.११ फूट म्हणजे १५६ सेंटिमीटर. आपली करिष्मा पाच-तीन. ५.३ म्हणजे १६२. मुलगी उंच, मुलगा बुटका! साखरपुड्यात तर तो दाराच्या चौकटीला वाकून आत आला. जाड तळाचे बूट असावेत. वाकणं नाटक.

सिंधूला सांगितलं नाही. सरांना फोन करून धीर दिला: उंचीचं मनावर घेऊ नका, आम्ही शब्द फिरवणारे नाही. सरांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. भरून आलं असावं.

१५ जानेवारी

बांगड्यांचं गणित पूर्ण. दोन-चार म्हणजे ६१ मिमी. दोन-सहा ६६. दोन-आठ ७१. आणि दोन-दहा, म्हणजे २.१०, बरोबर ५३.

कॅलक्युलेटर तीनदा पुसून केलं. ५३.

दोन-दहाचा हात कोणाचा? जनकाबाईचा. पिठाची गिरणी चालवते, हात असा की बांगडी भरायला साबण आणि दोन माणसं लागतात. आणि तो निघाला गावात सर्वांत नाजूक! इंचाने या बाईवर किती वर्षं अन्याय केला.

सिंधू म्हणाली, "दोन-आठच्या वर दोन-दहा असते, हे लहान लेकराले समजते. मंग जनकाबाईले काय माह्या बोटातल्या अंगठ्या भरू?"

खात्रीसाठी दुकानातली जुनी दोन-दहाची बांगडी कॅलिपरने मोजली. ६६.७ आले. पण ६६ हे तर दोन-सहाचं माप! म्हणजे एक तर कॅलिपर बिघडलेला, नाही तर फिरोजाबादवाले तीस वर्षं खोटा माल पाठवून राह्यले. सूत्र चुकीचं असणं शक्य नाही. ते व्याह्यांचं आहे.

कॅलिपर गल्ल्यात ठेवून दिला.

१७ जानेवारी

फिरोजाबादला लग्नाची सगळी ऑर्डर दिली. करिष्माचा हिरवा चुडा ६१. गावातल्या बायकांसाठी ५३, ६६, ७१. मुनीम म्हणाला, "सेठ, मिलिमीटर में कोई नहीं माँगता. पुराना नंबर बोलो ना." म्हटलं, नया भारत है, जो बोला वो भेजो. त्याने तीनदा विचारलं, पक्का? मी तीनदा पक्का म्हटलं. असा ठामपणा धंद्यात लागतो.

२१ जानेवारी

मोठा निर्णय. जुना, खोट्या मापाचा सगळा माल काढून टाकला. ऋत्विकने घेतला, निम्म्या भावात. मी म्हटलं, बेटा, जुन्या जमान्याच्या वस्तू आहेत, तुला चालतील. तो म्हणाला, "काका, परत पाहा, करिष्मातैचं लग्न हाय." मला हसू आलं. शेजाऱ्याची काळजी!

सिंधूने दुपारपासून अबोला धरलाय. शांततेत बरंच काम होतं.

३० जानेवारी

पाटीचा परिणाम दिसायला लागला. बायका पाटी वाचतात, थांबतात, विचार करतात, आणि समोर ऋत्विककडे जातात. म्हणजे विचार तर सुरू झाला.

आज पडद्याआडून ऐकलं. एक दुसरीला म्हणे, "कारभारीभाऊले काय झालं वं?" दुसरी म्हणे, "पोरीचं लगन हाय नं. बापाचं होते असं." लोकांना माझ्या त्यागाची जाणीव आहे.

९ फेब्रुवारी

माल आला नाही. मुनीम म्हणतो नवा साचा करावा लागला. दुकानात विकायला रबरबँड आणि टिकल्या. टिकल्या मिलिमीटरमध्ये विकायला सोप्या जातील असं वाटलं होतं. बायका "लहान" आणि "मोठी" एवढंच म्हणतात.

व्याहीणबाईंचा निरोप करिष्मामार्फत: चुडा तुमच्याच दुकानचा हवा, आम्ही आणत नाही. टोमणा कळला. दाखवतोच.

१७ फेब्रुवारी, सकाळ

माल आला! सात खोकी. हिरवागार, एक बांगडी पिचलेली नाही. नख मारून पाहिलं. काय आवाज! उद्या दुपारी बांगड्या भरायच्या, परवा हळद. गावात दवंडी दिल्यासारखं सांगून आलो.

१८ फेब्रुवारी, दुपार

बायका मांडवात बसल्या. पहिला मान जनकाबाईचा. सिंधूने ५३ची बांगडी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भर. अंगठ्याच्या पुढे गेली नाही. जनकाबाई म्हणाली, "भाऊ, हे नातीच्या बाहुलीचं हाय काय?" साबण लावला. तेल लावलं. सहा पिचल्या. लग्नघरात! एक म्हातारी कानावर हात ठेवून उठून गेली.

मग करिष्मा. ६१. गेली, लगेच गेली. मी टाळी वाजवणार तोच तिने हात खाली सोडला, आणि अख्खा चुडा घरंगळत जमिनीवर.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

फिरोजाबादला फोन. मुनीमाला शिव्या द्यायच्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "सेठ, वो दशमलव थोड़ी है. इंच के सोलह हिस्से होते हैं. दो-दस माने दो इंच और ऊपर दस हिस्से. तीस साल से माल ले रहे हो."

सोळा भाग. रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे. म्हणजे दोन-दहा खरोखर ६६.७. कॅलिपर बरोबर होता. गल्ल्यातून काढून त्याची माफी मागितली.

मग आठवलं, फुटाचे इंच बारा. पाच-अकरा म्हणजे पाच फूट आणि अकरा इंच. पुन्हा गणित केलं. १८० सेंटिमीटर. एक चांगली बातमी: जावई उंच निघाला. सरांना केलेला तो फोन आता परत घेता येणार नाही.

१९ फेब्रुवारी, पहाट

मी उगीच शून्यातून वर आलो नाही. सगळी खोकी उघडली, कॅलिपर लावला, आणि तोडगा सापडला! ६१ची बांगडी दोन-सहाच्या हातात जाते. ६६ची जनकाबाईला. ७१ची कोणाला नको, पण ६६ची दोन-आठवाल्यांनाही थोडी सैल चालते. ५३च्या शाळकरी पोरींना. खोकी फिरवली की सगळं गाव बसतं!

फक्त दोन-चारचा हात राहिला. त्याला ५७ मिमी लागते. ती सात खोक्यांत एकही नाही.

दोन-चारचा हात सगळ्या मांडवात एकाच पोरीचा.

१९ फेब्रुवारी, सकाळ

चिखलीला फोन केले. एकाकडे लाल, एकाकडे प्लास्टिकच्या. करिष्मा म्हणाली, "बाबा, मी बिनबांगड्यांची बसते, तुमी नका रडू." मी रडत नव्हतो. रात्रभर काचेची धूळ डोळ्यात गेली होती.

तिला सांगितलं, बाप बांगडीवाला आहे तुझा, होईल काहीतरी. तोंडून गेलं. बांगडीवाला.

सिंधू चप्पल घालून रस्त्यापलीकडे गेली.

१९ फेब्रुवारी, दुपार

मी दुकानात मागे बसून होतो. घरातून चुडा भरल्याचा आवाज आला. एकेक बांगडी, सलग. कान कुठेही फसत नाहीत. तो माझाच माल होता. २१ जानेवारीला निम्म्या भावात दिलेला.

हळद लागली.

२० फेब्रुवारी

लग्न लागलं. सर मांडवात येऊन म्हणाले, "मांडव छान आहे हो, किती फुटांचा घेतला?" मी म्हटलं, साठ बाय चाळीस. दोघांनाही काही वाटलं नाही.

व्याहीणबाईंनी करिष्माचे हात हातात घेतले. चुडा फिरवून पाहिला. म्हणाल्या, "साखरपुड्यातच मी बहिणीला म्हटलं होतं, बांगडीवाले आहेत ते, चुडा बघत राहावा असा असेल. बघा. एक बांगडी इकडची तिकडे होत नाही." मग माझ्याकडे वळून: "तुमच्या दुकानचं काम ते तुमच्या दुकानचं."

मी हात जोडले. शेजारच्या पानावर ऋत्विक होता. तो मान खाली घालून जिलेबी खात राहिला. वाढायला मीच होतो. त्याला दोनदा जास्त वाढली.

पाटी काढली. पिनांची पाकिटं शिल्लक आहेत.

करिष्माचा चुडा ऋत्विकच्या दुकानचा. माप दोन-चार.