मिठाची दुसरी मूठ

आई, काल सोनईला मी एका माणसाच्या कानाखाली वाजवली. एक नाही, दोन. दुसरीला त्याचा ओठ फुटला आणि रक्त पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं, तरी माझा हात थांबेना. वाढप्यांनी मला मागून धरलं म्हणून तिसरी राहिली. तो नवऱ्या मुलाचा चुलता. वऱ्हाड ठरल्या वेळेच्या आधी येऊन बसलं आणि जिलेबी अजून तळायची होती, एवढंच झालं होतं. हा गडी मला ओलांडून तरातरा भट्टीपाशी गेला, माझ्या आचारणीचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड उकळत्या तेलाच्या कढईकडे दाबायला लागला. म्हणे, बघू तुझं तेल तापलंय का. बाई श्रीगोंद्याकडची, पहिल्यांदाच माझ्या कामाला आलेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली आणि मग मी काही पाहिलं नाही. खुर्च्या उडाल्या, माझ्या एका वाढप्याच्या डोक्याला खोक पडली, मुलीच्या बापाने सगळ्यांच्या पाया पडून ते आवरलं. तू गेल्याला अकरा वर्षं झाली, भिंगारचं तुझं पंगतीचं काम मी चालवते. अजूनही आपला असा कायमचा आचारी नाही. दर लग्नाला बाहेरचा बोलवायचा, काम झालं की तो त्याच्या वाटेला.

परत येताना टेम्पोत तुझ्या वेळची ती म्हातारी वाढपीण माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा सुजलेला हात हातात घेतला आणि कौतुकाने म्हणाली, "अगदी आईवर गेलीस बघ." मी हात ओढून घेतला. तिला वाटलं, दुखला. मी तुझ्यासारखी होऊ नये म्हणून एवढी वर्षं जपून वागले आणि म्हातारीने एका वाक्यात मला तुझ्या पंक्तीला नेऊन बसवलं.

तुला राग यायचा तेव्हा आधी तुझा खालचा ओठ आत जायचा. तो दिसला की मी भांडी घासायची सोडून मोरीत उभी राहायचे, कारण मोरीत पाठीला भिंत असायची. उलथनं, लाटणं, फुंकणी, जे हाताला लागेल ते. तू एकटीने मला वाढवलंस, हजार हजार पानांच्या पंगती उठवल्यास, पुरुषांच्या धंद्यात उभी राहिलीस, हे सगळं खरं, आणि मला तुझा अभिमानही होता. पण बाहेरून बोलावलेल्या आचाऱ्यांना तू कधी माणसात धरलं नाहीस. त्याला त्याच्या कामासाठी बोलवायचं आणि मग ते काम त्याला करू द्यायचं नाही. तेल असं नको, जाळ तसा नको, कांदा जाड झाला. चांगले आचारी एकदा यायचे, दुसऱ्यांदा बोलावलं की त्यांना कुठेतरी दुसरं लग्न असायचं.

काष्टीच्या त्या लग्नाला म्हणूनच तो नवा माणूस आणावा लागला. पाथर्डीकडचा, काळा, शांत, सोबत बायको. ती कोपऱ्यात पाठमोरी बसून कांदा चिरत होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नवऱ्याचं घर सोडून तुझ्याकडे परत आलेली, तुझ्या शब्दाबाहेर जायची सोय नसलेली. आधीच्या आठवड्यात भिंगारच्याच एका घरी पंगत अळणी झाली म्हणून लोक बोलले होते आणि ते तुझ्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळपासून तू त्याच्या मानगुटीवर बसलीस. शेवटी त्याने झारा खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाई, भाजी कशी पायजे ते तुमी सांगा. कशी करायची ते माझ्यावर सोडा." उद्धटपणा नव्हता त्यात. पण मी तुझ्याकडे पाहिलं, ओठ आत गेलेला.

तो माणूस वांग्या-बटाट्याच्या त्या भल्यामोठ्या पातेल्यावर उभा आहे. मिठाच्या पिशवीत हात घालतो, मूठ मिटतो, क्षणभर डोळेही मिटतो आणि तीन ठिकाणी मीठ सोडतो. चाखत नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही, हा त्याचा नेम. मग तो हातपाय धुवायला विहिरीकडे जातो. तू माझ्याजवळ येतेस आणि म्हणतेस, टाक अजून. मी म्हणते, त्याने टाकलंय, मी पाहिलंय. तुझं कोपर माझ्या बरगडीत बसतं, अजून दुखावं असं. तुला अक्कल शिकवायला ठेवलंय का, म्हणतेस. मी पिशवीत हात घातला. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरीही. भीतीने टाकलं की रागाने, मला आजही सांगता येत नाही. तो परत आला, नैवेद्य घेऊन गेला, देवाने काही तक्रार केली नाही.

तक्रार पहिल्या पंगतीने केली. नवऱ्या मुलाच्या मामाने घास थुंकला, मग दुसऱ्याने, मग पत्रावळीच भिरकावायला लागले. आठ-दहा जण भट्टीकडे धावून आले. तू पातेल्यात बोट घातलंस, चाटलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. तुला कळलं होतं, आई. मीठ कुणाचं ते तुला त्या क्षणी कळलं होतं. आणि मग तू भजी काढायचा झारा उकळत्या तेलातून उचललास आणि त्याच्या कानावर मारलास. तेल निथळत होतं. कातडी चरचरल्याचा आवाज मी ऐकला, कान धरून तो खाली बसला तेव्हा बोटांच्या फटीतून मान लाल होताना पाहिली. तू मारलंस म्हटल्यावर त्या लोकांना मोकळीकच मिळाली. त्यांनी त्याला लाथांनी तुडवलं, ती भाजी मुठी भरभरून त्याच्या तोंडात कोंबली. एकाने जळणातलं बाभळीचं लाकूड उचललं, दुसऱ्याने त्याचा उजवा हात विटांवर दाबून धरला. "ह्याच हातानं टाकलंस ना मीठ?" म्हणाला आणि मनगटावर घाव घातला. दोन घाव. त्याची बायको विळी टाकून त्याच्या अंगावर पडली तर तिलाही केसांनी ओढून बाजूला फेकलं. मी हे सगळं पाच पावलांवरून पाहत होते. माझ्या उजव्या हाताला मीठ चिकटलेलं होतं, ते मी पदराला पुसलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तू मला बसवलंस आणि स्वतः भाकरी थापून गरम गरम वाढलीस. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मी तीन भाकरी खाल्ल्या. पोटभर जेवले मी त्या दिवशी, याची मला तू केलंस त्यापेक्षा जास्त लाज वाटते.

तू गेल्यावर काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एवढंच ठरवलं की तुझ्यासारखं करायचं नाही. नवा आचारी असला की मी आधी दुसऱ्याच्या लग्नात जाऊन त्याचा हात पाहते. मग त्याच्यासमोर बसून सगळं सांगते: पानं किती, लोक कुठले, म्हातारी किती, तिखट खाणारे आहेत की नाही, पंगत कधी बसणार. सामानाची यादी तो देईल ती, माझी काटछाट नाही. आणि भट्टी पेटली की मी तिकडून उठते आणि पंगतीत जाऊन उभी राहते. भट्टीकडे बोंब मारत जाणाऱ्याला आधी मला ओलांडावं लागतं. आचारी विचारतात, ताई, तुम्ही एकदाही पातेल्यात डोकावत नाही, एवढा भरवसा कसा? मी हसते. काय सांगणार, बाबांनो, भरवसा कसला, मला माझ्याच हाताची भीती वाटते. माझ्याकडे आलेला आचारी पुन्हा येतो, हे मात्र खरं. पण ज्याच्यामुळे मी हे शिकले, त्याच्याकडे एकोणीस वर्षांत एकदाही गेले नव्हते.

आज सकाळी गेले. सुजलेला हात घेऊन पाथर्डीच्या गाडीत बसले, पुढे विचारत विचारत त्याचं गाव गाठलं. पत्र्याचं घर, पुढे दोन शेळ्या. तो दारात बसला होता. मनगट वाकडंच जुळलंय, मानेवर कानापर्यंत पांढुरका डाग, त्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतो. त्याने मला ओळखलं. भिंगारच्या बाईंची लेक ना तुमी, म्हणाला, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, उठून पाहिलंही नाही. त्या दिवसानंतर कुणी त्याला लग्नाला बोलावलं नाही. दोघं ऊसतोडीला जायला लागली. एका हाताने कोयता चालेना, म्हणून ती तोडायची आणि हा मोळ्या बांधायचा. हे त्याने गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, मी त्या मिठाचं सांगायला आले. तो शेळ्यांकडे पाहत म्हणाला, "तोंडात कोंबली तवाच मला कळलं. मीठ दोन हातांचं हुतं. एक माझा. दुसरा कुनाचा, ते कळंना." आणि मग त्याने पुढचं सांगितलं, आई. त्याने मनात धरून ठेवलं होतं की ते बायकोनेच टाकलं. तो विहिरीकडे गेला तेव्हा त्याच्या लेखी कांदा चिरता चिरता तीच एकटी पातेल्याजवळ होती, चुकून टाकलं असेल आणि आता भिऊन बोलत नसेल. ती नाही म्हणाली की तो मारायचा. दारू पिऊन मारायचा, न पिता मारायचा, फडात उसाच्या टिपरूने मारायचा. डाव्या हातानं, तो म्हणाला, उजव्यात जोर नव्हता.

बायको चुलीपुढून उठली. तिच्या पुढच्या दातांपैकी दोन नाहीत. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोल बाई. त्याच्या म्होरं बोल. मीठ कुनी टाकलं?"

मी म्हटलं, आईने.

ती तशीच वळली, चुलीतलं अर्धं जळलेलं लाकूड ओढलं आणि त्याच्या पाठीत घातलं. ठिणग्या उडाल्या. दुसऱ्यांदा घातलं, तिसऱ्यांदा. सदरा करपल्याचा वास आला. तो हलला नाही, हात वर केला नाही, डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिला. शेवटी तिचाच हात थकला आणि ती जमिनीवर बसून घशातल्या घशात असा काही आवाज काढायला लागली की शेळ्या दावं ताणून लांब झाल्या. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, तुमची आई हाय का? मी म्हटलं, नाही, गेली. ती म्हणाली, मग सुटली. आणि मला चहा ओतून दिला. मी तो प्याले.

गाडीत बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की मी खोटं काही बोलले नाही, टाक म्हणून सांगणारी तूच होतीस. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. तू त्याला मारलंस ते मला वाचवायला की स्वतःला, हे तुला विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायचं तोंडही मला राहिलं नाही. निघताना त्या बाईने माझा सुजलेला हात पाहिला आणि हळदीचा लेप लावून दिला. तिने तो हात हातात धरला होता तेव्हा, मीठ ह्याच हाताचं, हे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.